डेम्लो स्टेशनचा आकडा

समजा तुम्ही तळेगावच्या (श्यामजी पंत) स्टँडवर उभे आहात आणि आष्टीची बस काही येत नाही. मग दप्तरातून वही काढा आणि हा गुणाकार मांडा : १११ गुणिले १११. उत्तर १२३२१. आता चार एकांना चार एकांनी गुणा. १२३४३२१! अंक पायऱ्या चढतात आणि उतरतात.

देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ गणित शिकवणाऱ्या द. रा. कापरेकर सरांना अशा संख्यांचं भारी वेड. या जातीच्या संख्या शोधायची कल्पना त्यांना सुचली ती डोंबिवली स्टेशनवर. त्या स्टेशनाचं नाव तेव्हा डेम्लो होतं, असं ते सांगत. म्हणून त्यांनी नाव ठेवलं 'डेम्लो संख्या'. हा पोरखेळ आहे, असं म्हणणारे पुष्कळ होते. सरांनी वही मिटली नाही. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या एका मासिकात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाला हे मास्तर माहीत झाले.

आता नऊ एकांचा वर्ग बघा :

१२३४५६७८९८७६५४३२१

सतरा अंक! खिशातल्या साध्या कॅल्क्युलेटरवर मावतच नाही. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त एक, दश, शत असं करत परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं दिली आहेत. आपली संख्या परार्धाच्या एकच पायरी अलीकडे, 'मध्य' या स्थानावर थांबते. तिच्या अंकांची बेरीज करा : ८१. आणि ८१ ने तिला भागही जातो. कारण १११११११११ म्हणजे ९ गुणिले १२३४५६७९. (यात ८ कुठे गेला? थांबा जरा.)

पण पायऱ्या पडतात का? गुणाकार मांडला की प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते. मग उभ्या रकान्यांत एक १, दोन १, तीन १ असे वाढत जातात आणि पुन्हा कमी होतात. नऊपर्यंत हातचा येतच नाही, म्हणून सगळं सुरळीत.

दहा एक घेतले की मात्र गंमत होते. मधल्या रकान्यात १० येतात. शून्य लिहा, हातचा १. शेजारचे ९ त्यामुळे १० होतात. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. त्याच्या शेजारचा ८ होतो ९ :

१२३४५६७९००९८७६५४३२१

चढताना ८ गायब! जिना मोडला तो दोन हातच्यांनी.

आता तुमचं काम. नऊ एकांपर्यंत वर्गातल्या अंकांची बेरीज ४, ९, १६ अशी वर्गसंख्याच येते. दहा एकांना ती १०० यायला हवी होती, पण भरते ८२. मधले १८ कुठे गेले? आईबाबांना विचारा खुशाल, पण आधी स्वतः मांडून बघा. उत्तर पुढच्या अंकात.