हमी वाकवलेल्या पत्र्याची हवी

कोकणात कौलांची जागा रंगीत पत्रा घेत चालला आहे. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्याला धडकले, रायगड-रत्नागिरीत घरोघरची छपरे उडाली आणि त्यानंतर अनेकांनी कर्ज काढून पत्राच घातला. तो किती पावसाळे टिकणार, हा त्यामुळे हजारो कुटुंबांच्या कष्टाच्या पैशाचा प्रश्न आहे.

खाऱ्या वाऱ्यात काही वर्षे काढलेला असा पत्रा जवळून पाहावा. मधला सपाट भाग बहुधा धडधाकट असतो. गंज धरतो तो वळचणीच्या कापलेल्या कडेला, स्क्रूच्या वॉशरभोवती आणि आढ्यावरच्या पट्टीच्या करकरीत घडीवर. त्या घडीवर आधी रंगाला केसासारख्या भेगा दिसतात, मग जस्ताची पांढरी भुकटी आणि शेवटी लाल डाग.

हे अटळ नाही. गंज नेमका तिथेच का धरतो, त्याचे कारण साधे आहे. पोलादी पत्र्यावरच्या थरात चौरस मीटरला 275 ग्रॅम जस्त म्हणजे दोन्ही बाजूंचे मिळून. एका बाजूला ते जेमतेम 19 मायक्रॉन भरते. 120 ग्रॅमच्या स्वस्त पत्र्यावर तर साडेआठच मायक्रॉन. पत्रा त्याच्या जाडीइतक्याच त्रिज्येत वाकवला, की घडीची बाहेरची बाजू सुमारे 33 टक्के ताणली जाते. एवढा ताण जस्ताच्या थराला आणि साध्या रंगाला अनेकदा सोसवत नाही. भेग पडली तरी शेजारचे जस्त आधी स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते, हे खरे. पण ते झिजते किती? आयएसओ 9223 या मानकानुसार सी-5 वर्गाच्या, म्हणजे अतिशय गंजकारक हवेत उघडे जस्त वर्षाला 4.2 ते 8.4 मायक्रॉन जाते. साडेआठ मायक्रॉनचा हिशेब एक-दोन वर्षांत संपतो.

असे असताना पत्रा विकला जातो तो रंग आणि वजन दाखवून. मिठाच्या फवाऱ्याची चाचणी बहुधा सपाट नमुन्यावर होते, आणि कापलेली कड व समुद्राजवळची घरे अनेक हमीपत्रे बारीक अक्षरांत वगळतात. छपरावर काम सुरू झाले की कारागीर ग्राइंडर लावतो. त्याच्या तापलेल्या ठिणग्या रंगात रुततात, कड जळते, ड्रिलचा कीस तसाच पडून राहतो आणि पहिल्याच पावसात गंजून डाग पाडतो. कारागिराला दोष देऊन भागणार नाही. त्याला हे कोणी शिकवलेलेच नसते.

उपाय महाग नाहीत. बिलावर जस्ताचे वजन, रंग वगळून पोलादाची जाडी आणि मानकाचा क्रमांक लिहून घ्यावा. रंगीत जस्ती पत्र्यासाठी तो आयएस 14246 आहे. घडी शक्य तितक्या मोठ्या गोलाईत मारून घ्यावी. कापायला ग्राइंडर नको, कातर किंवा निबलर हवा. कीस त्याच दिवशी झाडून काढावा आणि उघड्या कडेला जस्तयुक्त रंग लावावा. वळचणीच्या खालच्या बाजूला पावसाचे पाणी पोचत नाही, तिथे मीठ साचते. ती बाजू अधूनमधून गोड्या पाण्याने धुवावी.

सरकारचेही काम आहे. आपत्तीनंतरच्या मदतीसाठी किंवा घरकुलांसाठी पत्रा खरेदी करताना वाकवलेल्या आणि कापलेल्या नमुन्याची चाचणी निविदेतच सक्तीची करावी. कारखान्यांनीही किनाऱ्यावरच्या घडीची आणि कडेची हमी द्यावी. देता येत नसेल, तर तसे मोठ्या अक्षरांत छापावे. ग्राहक सपाट पत्रा छपरावर घालत नाही. त्याने हमीही सपाट पत्र्याची घेऊ नये.