यंत्रमानव घरी येण्यापूर्वी

विद्यार्थी मित्रांनो, केर काढणारा, कपड्यांच्या घड्या घालणारा, आजीला पाणी आणून देणारा यंत्रमानव घरी असावा, असे कोणाला वाटणार नाही? पण तो चेहऱ्यामोहऱ्याने आणि बोलण्यानेही माणसासारखा असावा का, याचा विचार तो दारात उभा राहण्यापूर्वीच करायला हवा.

त्याला हातपाय देण्यामागे शास्त्रीय कारण आहे. आपले जिने, दारांच्या कड्या, स्वयंपाकाचा ओटा हे सारे माणसाच्या देहाच्या मापाने बनलेले आहे. तेथे वावरायचे तर यंत्रालाही तसाच देह सोयीचा. जपानच्या वासेदा विद्यापीठात १९७३ मध्येच ‘वाबोट-१’ हा पूर्णाकृती यंत्रमानव तयार झाला. तरी अर्ध्या शतकानंतरही घरकाम यंत्राला अवघडच जाते. १९९७ मध्ये ‘डीप ब्लू’ संगणकाने जगज्जेत्या कास्पारोव्हला बुद्धिबळात हरवले. पण ओला काचेचा पेला न निसटता, न फुटता उचलणे ही यंत्राची खरी परीक्षा ठरते. पटावरचे नियम ठरलेले असतात. घरात मात्र वस्तूंच्या जागा, वजने आणि आकार सतत बदलत असतात. ज्या कामाला आपण ‘साधे’ म्हणतो, त्याला केवढे कौशल्य लागते ते यावरून कळते.

या अडचणीवर काढलेला एक उपाय पाहा. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘वन-एक्स’ या कंपनीने ‘निओ’ हा घरगुती यंत्रमानव २०,००० डॉलर किमतीला जाहीर केला. त्याला न येणारे काम कंपनीचा माणूस, मालकाने वेळ ठरवून दिल्यावर, दुरून त्याच्याच कॅमेऱ्यातून पाहत करून घेतो, अशी ही योजना. म्हणजे यंत्राच्या आड पुन्हा माणूसच! त्याला तुमचे घर दिसते. तो मात्र तुम्हाला दिसत नाही.

दुसरी गोष्ट मनाची. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत वाइझेनबॉम यांनी १९६६ मध्ये ‘एलायझा’ हा संवाद साधणारा संगणक-कार्यक्रम प्रसिद्ध केला. तो केवळ आपलीच वाक्ये फिरवून विचारी. हे ठाऊक असूनही त्यांच्या चिटणीस बाईंनी, मला याच्याशी एकांतात बोलू द्या, असे सुचवले. चेहरा नसलेल्या यंत्राची ही कथा, तर हसणाऱ्या यंत्राची काय सांगावी?

‘रोबो’ हा शब्द कारेल चापेक यांच्या १९२० च्या नाटकातून आला. त्याचे मूळ चेक भाषेतील ‘रोबोटा’ म्हणजे वेठ. आपल्या देशात १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी रद्द झाली. आता माणसाच्या रूपातला, कधीही ‘नाही’ न म्हणणारा गडी घरात आणून लहान मुलांना आपण काय शिकवणार? यंत्राला ओरडल्याने यंत्राचे काही बिघडत नाही. पण ओरडण्याची सवय ओरडणाऱ्याला लागते, आणि ती उद्या भांडी घासायला येणाऱ्या मावशींवर निघते.

कोणी म्हणेल, एकट्या वृद्धांनी आणि रुग्णांनी काय करावे? त्यांना यंत्राची मदत अवश्य मिळावी. रुग्णाला उचलायला बळकट हात हवेत. खोटे हसू कशाला? म्हणून माझे म्हणणे एवढेच: घरातले यंत्र यंत्रासारखेच दिसावे, आणि त्याच्या डोळ्यांतून कोणी माणूस पाहत असेल तर ते घरातल्या सर्वांना, मुलांनाही, त्याच क्षणी कळावे.

मित्रांनो, येत्या रविवारी एक प्रयोग करा. घरात दिवसभरात किती कामे झाली आणि ती कोणी केली, याचा तक्ता मांडा. शिक्षकांनी ते तक्ते वर्गात एकत्र करून चर्चा घडवावी. यातली कोणती कामे यंत्राला द्यावीत आणि कोणती आपणच उचलावीत, हे यंत्र बाजारात येण्याची वाट न पाहता ठरवता येईल.