कंबरेला पट्टा, हँडलला क्रोम, शॉकअपला काहीच नाही

गेल्या पावसाळ्यात अडतीस वर्षांचे एक गृहस्थ माझ्याकडे येत होते. राहायला धायरी, नोकरी खराडीला, रोज जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर क्रूझर मोटरसायकलवर. तक्रार अशी की दोन्ही हातांची बोटं बधिर होतात, मान आणि खांदे आखडतात. मानेचा एमआरआय आधीच काढलेला होता. त्यात या वयात निम्म्या लोकांना दिसतो तसा चकतीचा किरकोळ फुगवटा. मी गोळ्या दिल्या, व्यायाम शिकवले. दोन महिन्यांनी ते आले तेव्हा उजवं मनगट मोडलेलं होतं. सिग्नलला पुढचा ब्रेक दाबला आणि तो लागलाच नाही. शॉकअपचं सील फुटून ऑइल डिस्कवर आणि ब्रेक पॅडवर उतरलं होतं. गाडीला नवा सायलेन्सर, क्रोमचं हँडल आणि पाठ टेकायला बॅकरेस्ट होता. शॉकअप मात्र पस्तीस हजार किलोमीटरमध्ये एकदाही उघडलेले नव्हते.

दोन महिन्यांत मी त्यांना गाडीबद्दल एक प्रश्नही विचारला नव्हता. त्यामुळे या लेखातली पहिली तक्रार माझ्यासारख्या डॉक्टरांविरुद्धच आहे. आम्ही रुग्णाला उशी, गादी, खुर्ची सगळं विचारतो. तो रोज दोन तास ज्या यंत्रावर हादरे खातो, त्याची चौकशी करत नाही. कंबरेचा पट्टा मात्र सहज लिहून देतो, जरी पट्ट्यामुळे कंबरदुखी टळते याला भक्कम पुरावा नाही.

शॉकअप, म्हणजे पुढचा फोर्क, आत कसा असतो? प्रत्येक नळीत एक स्प्रिंग आणि थोडं ऑइल. खड्ड्याचा धक्का स्प्रिंग पोटात घेते. पण स्प्रिंग घेतलेलं सगळं परत करते, हा तिचा स्वभाव. ते परत करणं आवरायचं काम ऑइलचं. ते बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि धक्क्याची ऊर्जा उष्णतेत जिरते. या ऑइलला इंजिनासारखा फिल्टर नसतो. झिजलेल्या धातूचा चुरा आणि ओलावा त्यातच साठत जातो, ऑइल पातळ होतं. मग पुढचं चाक खड्ड्यातून निघाल्यावर चेंडूसारखं उड्या मारतं. उडालेल्या चाकाला ब्रेक कितीही दाबा, ते गाडी थांबवू शकत नाही. आणि प्रत्येक उडीचा हिशोब हँडलमार्गे मनगट, खांदे आणि मान यांना चुकवावा लागतो.

इथे एक प्रामाणिक खुलासा करतो. कंबरेचं दुखणं पुढच्या फोर्कच्या माथी मारू नका. ते मुख्यतः मागचे शॉक आणि सीट यांचं काम. क्रूझरवर पाय पुढे पसरलेले, बूड खाली, पाठ गोल. साध्या बाइकवर खड्डा दिसला की आपण पायांवर जरा उचलले जातो. क्रूझरवर ते नीट जमत नाही, सगळा धक्का माकडहाडातून वर चढतो. मागे बसलेल्या सासूबाईंचा तर विचारच करा. हाडं ठिसूळ झाली असतील तर एका उंच गतिरोधकाने मणका दबल्याची उदाहरणं आम्ही पाहतो.

आता दुसरी तक्रार, ‘अपग्रेड’ या शब्दाविरुद्ध. नाना पेठेत चक्कर मारली की कुणीतरी सांगतंच, शॉकअप कडक करून घ्या. मग जाड ऑइल भरतात, नाहीतर स्प्रिंगवर वॉशर ठेवून ती दाबून टाकतात. तरुणांना कडक म्हणजे मजबूत वाटतं. पण तीक्ष्ण कडेच्या खड्ड्यात जाड ऑइलला छिद्रांतून पळायला वेळच मिळत नाही. फोर्क काठीसारखा ताठ राहतो आणि धक्का थेट हातात येतो. काही जण चॉपरसारखं दिसावं म्हणून लांब फोर्क लावतात, काही स्पोर्ट्‌स बाइकचा उलटा फोर्क बसवतात. पुढची उंची आणि चाकाचा कल बदलला की गाडी वळताना वेगळी वागते, आणि ते पावसात कात्रजच्या उतारावर कळून उपयोग नसतो. कायद्यालाही हे मान्य नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलात असे बदल करता येत नाहीत, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठणकावून सांगितलं.

तुम्हाला हवं आहे ते रीबिल्ड. जुनं ऑइल काढा, नवं सील आणि डस्ट सील बसवा, बुश झिजले असतील तर बदला. ऑइलची ग्रेड आणि एका नळीत किती मिलिलिटर हे गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. मेकॅनिकने अंदाजाने इंजिन ऑइल ओतायला घेतलं तर गाडी परत घेऊन या. वजन शंभर किलोच्या घरात असेल किंवा मागे कायम कुणी बसत असेल, तर योग्य ताकदीच्या स्प्रिंगचा विचार करा. एवढा बदल मला समजतो. तपासायला घरीच जमतं. पुढचा ब्रेक धरून हँडल खाली दाबा आणि सोडा. गाडी एकदाच सावकाश वर यायला हवी, डुलायला नको. नळीवर ऑइलचं कडं दिसलं तर आज संध्याकाळी जा, रविवारची वाट पाहू नका.

“रस्तेच खराब आहेत, शॉकअप काय करणार?” हे मला दर आठवड्याला ऐकायला मिळतं. रस्ते खराब आहेतच. इंडियन रोड काँग्रेसच्या नियमात गोल गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर आहे. तुमच्या गल्लीतला एकदा मोजून पाहा. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख, जखमींना पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवली. महापालिकेशी जरूर भांडा, मीही भांडतो. पण भरपाई मनगट मोडल्यावर मिळते, आणि सील महापालिका बदलून देणार नाही.

बधिरपणा रात्री झोपमोड करत असेल, पकड सैल होत असेल, पायात ताकद कमी वाटत असेल किंवा लघवीवर ताबा राहत नसेल, तर गॅरेजच्या आधी डॉक्टरकडे या. बाकीच्यांनी पुढच्या वेळी एमआरआयच्या फायलीबरोबर गाडीचं सर्व्हिस बुकही आणावं. मी आता ते मागून घेतो. आधी रुग्ण हसतात. मग शॉकअपचं ऑइल कधी बदललं, ते त्यात शोधू लागतात.