गोल्फच्या प्रक्षेपणात नवख्या प्रेक्षकाचाही विचार व्हावा

टोकियो ऑलिंपिकमध्ये ७ ऑगस्ट २०२१ रोजी अदिती अशोकचे कांस्यपदक अवघ्या एका फटक्याने हुकले. त्या सकाळी देशातील असंख्य प्रेक्षकांनी प्रथमच दूरचित्रवाणीवर गोल्फ पाहिले. मात्र ‘पार’ म्हणजे काय आणि ‘उणे १५’ ही गुणसंख्या उत्तम कशी, हे अनेकांना उमगत नव्हते.

क्रिकेटमध्ये साऱ्यांचे लक्ष एकाच चेंडूवर असते. टोकियोत मात्र ६० महिला खेळाडू १८ होलच्या मैदानावर विखुरलेल्या होत्या. अशा स्पर्धेत कोणता फटका दाखवायचा, हे निर्मात्यालाच ठरवावे लागते. बहुधा आघाडीच्या खेळाडूंचे पट अधिक दिसतात. चेंडू तिथवर कसा पोहोचला, हे अज्ञातच राहते.

यावर उपाय अवघड नाही. फटक्यापूर्वी अंतर, वाऱ्याची दिशा आणि निवडलेला क्लब पडद्यावर दाखविल्यास खेळाडूच्या निर्णयातील जोखीम समजते. चेंडूचा मार्ग रेषेने दर्शविणारे तंत्र उपलब्ध आहे. त्याचा वापर मोजक्या होलपुरता नसावा. अमेरिकेतील मास्टर्स स्पर्धेने २०१९ मध्ये प्रत्येक खेळाडूचा जवळपास प्रत्येक फटका संकेतस्थळावर उपलब्ध करून दिला. तेथील प्रक्षेपणात जाहिरातींवर मर्यादा घालण्याचीही परंपरा आहे.

याला भारतीय भाषांतील सोप्या समालोचनाची जोड हवी. पदकाच्या आशेने आलेला प्रेक्षक खेळ समजला, तरच पदकानंतरही टिकेल.