लाभाहून अंतर प्रिय

अस्मितेच्या राजकारणाविषयी लिहिताना नेत्यांना दोष देऊन मोकळे होणे सोपे असते. हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाचा प्रयोग मात्र आपल्यालाच अडचणीत टाकतो. क्ले आणि कँडिन्स्की यांच्या चित्रांतील आवडीनुसार तुमचे गट केले आहेत, असे सांगून त्यांनी ब्रिस्टलमधील शाळकरी मुलांना प्रत्यक्षात वाटेल तसे विभागले. आपल्या गटात कोण आहे, हेही मुलांना ठाऊक नव्हते. तरी पैसे वाटताना पुष्कळांनी आपल्या गटाला अधिकात अधिक मिळावे यापेक्षा दुसऱ्याहून अधिक मिळावे, हेच पाहिले; त्यासाठी स्वगटाची हानीही पत्करली. १९७१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

कोकणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, हा वाद आम्ही मराठीचे अध्यापक भाषाशास्त्राचा म्हणून शिकवतो. त्यातला चढा स्वर मात्र भाषाशास्त्राचा नसतो. गोव्यातील कित्येक हिंदू घरांत बोलणे कोकणीत आणि पोथी, कीर्तन, वर्तमानपत्र मराठीत, असे सुखाने चालत आले होते. राजकारणाने त्या घरांना एकच रकाना भरायला सांगितला.

१६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरणाविरुद्ध १,७२,१९१ आणि बाजूने १,३८,१७० मते पडली. महाराष्ट्रात याचे दुःख झाले. पण पुढची गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. अवघ्या दोन-अडीच महिन्यांनी त्याच गोव्याने विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षालाच पुन्हा सत्ता दिली. यात आम्हाला विसंगती दिसत नाही. मतदार आपल्या दोन्ही ओळखी शाबूत ठेवून मतदान करत होता. गोंधळ झाला तो एकाच ओळखीवर गणित मांडणाऱ्यांचा.

साहित्य अकादमीने १९७५ मध्ये कोकणीला स्वतंत्र साहित्यभाषा मानले. १९८७ च्या कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली, मराठीलाही शासनव्यवहारात स्थान मिळाले. भांडण संपायला हवे होते. पण रोमी लिपीत लिहिणाऱ्या कोकणी लेखकांना आपण वगळले गेलो असे वाटले, आणि रेषा कोकणीच्या आतच उमटली. (मराठीवाल्यांनी यावर खूश होण्याचे कारण नाही.) आमच्या वर्गात मालवणी बोलणारी मुलगी आजही उत्तर देण्याआधी क्षणभर थांबते, शब्द बदलते, आणि त्या बदललेल्या शब्दाला आम्ही गुण देतो.