तुझं तू, माझं मी

जेवण संपते, बडीशेपेची वाटी येते आणि तिच्या मागोमाग बिलाचे काळे पाकीट येते. टेबलावर क्षणभर शांतता पसरते. कुणी मोबाइल काढून बघत बसतो, कुणी हात धुवायला उठतो, कुणी उगाचच वेटरला पाणी आणायला सांगतो. शेवटी एक जण पाकीट उघडतो, आकडा वाचतो, माणसे मोजतो आणि जाहीर करतो, "चला, प्रत्येकी तेराशे!" कुणी काही बोलत नाही. सगळे पैसे देतात आणि हसतखेळत बाहेर पडतात. मात्र त्यातल्या एकदोघांच्या मनात एक बारीकशी सल राहते. ती कुणाला दिसत नाही, म्हणून ती काढायचेही कुणी मनावर घेत नाही.

मित्रमैत्रिणींबरोबर बाहेर जेवायला जाणे ही आता चैन राहिलेली नाही. शहरातल्या धावपळीत एकमेकांच्या घरी जाणे-येणे कमी झाले. घरे लहान, अंतरे मोठी आणि पाहुणचाराचा सगळा भार घरातल्या बाईवर. त्यापेक्षा सगळ्यांना सोयीच्या एखाद्या हॉटेलात भेटावे, दोन घास खावेत, ज्यांना हवे त्यांनी एखादा पेला घ्यावा आणि मन मोकळे करून घरी परतावे, हेच बरे वाटते. त्यात गैर काही नाही. प्रश्न आहे तो शेवटच्या पाच मिनिटांचा.

'आज मी, उद्या तू' का चालत नाही?

जुन्या पिढीला हा प्रश्न पडत नसे. इराण्याच्या हॉटेलात चहा आणि बन-मस्का व्हायचा आणि पैसे कुणीतरी एक जण द्यायचा. आज मी, उद्या तू. त्यात मोठेपणा होता आणि सोयही होती. पण ही पद्धत दोन गोष्टींवर उभी होती. एक म्हणजे रक्कम लहान असे. दुसरी म्हणजे तीच माणसे दोन-चार दिवसांनी पुन्हा त्याच टेबलावर बसत, त्यामुळे प्रत्येकाची पाळी खरोखरच येत असे.

आज या दोन्ही गोष्टी बदलल्या आहेत. कॉलेजचा गट चार-सहा महिन्यांतून एकदा भेटतो. एक जण परदेशातून सुटीवर आलेला असतो, दुसऱ्याची बदली झालेली असते. एकाच बाकावर बसलेल्या दोघांच्या पगारांत आज पाचपट, दहापट फरक असू शकतो. 'उद्या तू' मधला तो उद्या उजाडेपर्यंत गट बदललेला असतो. म्हणून सरसकट समान वाटणी आली. ती दिसायला न्याय्य आहे. पण खरेच तशी आहे का?

एक साधा हिशेब मांडून पाहू. समजा, सहा जण जेवायला गेले. त्यातले चौघे मद्य घेणारे, दोघे न घेणारे. खाण्याचे ३,००० रुपये झाले. त्यात चकणाही आला आणि त्या दोघांचा लिंबू-सोडाही. मद्याचे ४,२०० झाले. बहुतेक रेस्टॉरंटांत खाण्यावर ५ टक्के जीएसटी लागतो, त्याचे १५० रुपये. मद्यावर महाराष्ट्रातल्या परमिट रूममध्ये १० टक्के व्हॅट धरला, तर ४२०. एकूण बिल ७,७७० रुपये. समान वाटणी केली तर प्रत्येकी १,२९५.

आता वेगळा हिशेब करा. खाण्याचा वाटा करासह ५२५ रुपये येतो. मद्याचा वाटा चौघांत ४,६२० म्हणजे प्रत्येकी १,१५५. याचा अर्थ, ज्याने थेंबही घेतला नाही त्याने ५२५ द्यायला हवे होते. त्याने दिले १,२९५, म्हणजे ७७० रुपये जास्त. आणि घेणाऱ्याचे व्हायला हवे होते १,६८० रुपये. त्याचे ३८५ रुपये वाचले. न पिणाऱ्या दोघांनी मिळून पिणाऱ्या चौघांना १,५४० रुपयांची मेजवानी दिली. तीही कुणी आभार न मानता!

"अरे, पण तू चकणा किती खाल्लास ते बघ!" ही यावरची ठरलेली कोटी. कोटी छान आहे, पण वरच्या हिशेबात चकणा आधीच सहा जणांत वाटला आहे.

गंमत अशी, की ही विभागणी सरकारने आपल्यासाठी आधीच करून ठेवली आहे. पिण्याचे मद्य जीएसटीच्या कक्षेबाहेर आहे. त्यावर प्रत्येक राज्य आपापला कर लावते. महाराष्ट्राने परमिट रूममधल्या मद्यावरचा व्हॅट नोव्हेंबर २०२३ पासून ५ वरून १० टक्के केला. कर वेगळे, म्हणून बिलातही खाणे आणि मद्य वेगवेगळे दाखवलेले असते. कित्येक ठिकाणी तर दोन स्वतंत्र बिले येतात. पाकिटातून वेगवेगळे आलेले आकडे आपणच पुन्हा एकत्र करतो आणि सहाने भागतो.

बोलत नाही, पण येणे बंद होते

आता कुणी म्हणेल, "सातशे-आठशे रुपयांचं काय घेऊन बसलात? मैत्रीत कसला आलाय हिशेब?"

माझ्या पाहण्यातला एक गट आहे. कॉलेजपासूनचा, नऊ जणांचा. त्यात एक शिक्षक आहे. घरात आजारी आई, दोन मुले, एकट्याचा पगार. तो सुरुवातीला प्रत्येक वेळी यायचा, गप्पांत सगळ्यांत पुढे असायचा. मग कधी मुलाची परीक्षा आली, कधी आईची तपासणी, कधी गावाहून पाहुणे. दोन वर्षांत तो गटातून बाहेर पडला. भांडण नाही, अबोला नाही. मित्र म्हणत राहिले, "तो हल्ली बदललाय, संसारात बुडालाय." त्याच्या पत्नीने मात्र एकदा सहज बोलताना सांगितले, "यांना जायला खूप आवडतं हो. पण एका संध्याकाळी पंधराशे रुपये गेले, की त्या महिन्याला माझं दुधाचं बिल हलतं."

सातशे रुपये कुणासाठी किरकोळ असतात, कुणासाठी आठवड्याची भाजी. ज्याच्यासाठी ते किरकोळ आहेत, त्याला दुसऱ्याची अडचण कळत नाही. आणि ज्याची अडचण आहे, तो ती बोलून दाखवत नाही, कारण तसे बोलणे म्हणजे चारचौघांत आपली परिस्थिती उघडी करणे. मग तो सगळ्यांत सोपा मार्ग धरतो. यायचेच बंद करतो.

ही गोष्ट फक्त मद्यापुरती नाही. आषाढातल्या अमावास्येला, ज्या दिवसाला आपण गमतीने 'गटारी' म्हणतो, त्या दिवशी सगळा गट एका ताटात जेवतो. पण पंधरा दिवसांनी, श्रावणात, त्याच टेबलावर एक जण मसाला डोसा मागवतो आणि दुसरा पापलेट. ऑफिसातल्या मैत्रिणींच्या पार्टीत एकीला साडेआठची गाडी गाठायची असते. ती एक सूप आणि स्टार्टरचे दोन तुकडे खाऊन निघते आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण जेवणाचा हिस्सा भरते. बहुधा ती विचार करते, 'कुठे बोलायचं? म्हणतील, किती कंजूष!'

जिथे मद्याचा प्रश्नच नाही, तिथे हा ताण किती कमी होतो ते पाहण्यासारखे आहे. गुजरातेत दारूबंदी आहे. बडोद्यातली मराठी मित्रमंडळी शेव-उसळीच्या गाडीवर जमतात. इंदूरची मंडळी रात्री सराफ्यात भुट्ट्याचा कीस आणि गराडू खात हिंडतात. तिथे कुणी कितीही हात मारला, तरी फरक पडतो तो थोडक्या रुपयांचा. तिथे 'आज मी, उद्या तू' अजूनही सुखाने चालते. म्हणजे दोष त्या जुन्या रीतीत नव्हता. लहान रकमेची रीत आपण मोठ्या रकमेला लावली, तिथे ती बसेनाशी झाली.

गाडी चालवणाऱ्याचा वाटा

या सगळ्यात एका माणसाकडे कुणाचेच लक्ष जात नाही. तो पीत नाही, म्हणून परतीची गाडी त्याच्याकडे असते. तो दुसऱ्यांच्या मद्याचे पैसे भरतो, वर स्वतःचे पेट्रोल जाळून चौघांना चार दिशांना सोडतो आणि सगळ्यांत शेवटी घरी पोहोचतो.

त्याची किंमत काय, हे कायद्याच्या भाषेत सांगता येते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडले, तर तो गुन्हा आहे. १ सप्टेंबर २०१९ पासून पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. दुसऱ्या वेळी दंड १५,००० आणि कैद दोन वर्षांपर्यंत. 'दोन पेगनी मला काही होत नाही' हे वाक्य तपासणीच्या यंत्राला ऐकू येत नाही. आणि रस्त्यावर जे घडू शकते, त्यापुढे दंडाचा हा आकडा काहीच नाही. म्हणून जो शुद्धीत राहून सगळ्यांना घरी पोहोचवतो, त्याच्या जेवणाचा वाटा बाकीच्यांनी आनंदाने उचलावा. असा कुणी नसेल, तर परतीच्या टॅक्सीचे भाडे बेत ठरवतानाच खर्चात धरावे.

बिल वाचताना आणखी एक ओळ पाहावी: 'सर्व्हिस चार्ज'. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढून स्पष्ट केले, की हॉटेलला ही रक्कम बिलात आपोआप लावता येत नाही. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने या सूचना वैध ठरवल्या. ही रक्कम द्यायची की नाही, हा निर्णय ग्राहकाचा आहे. वरच्या उदाहरणातल्या ७,२०० रुपयांवर १० टक्के लावले असते, तर ७२० रुपये वाढले असते. ती ओळ काढायला शांतपणे सांगावे. ऐकले नाही, तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. आणि ज्या वेटरने दोन तास आपली सरबराई केली, त्याच्या हातात मात्र टीप जरूर ठेवावी.

बोलायचे कधी?

कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये या सगळ्यावर एक नामी शब्द तयार झाला: टीटीएमएम, म्हणजेच 'तुझं तू, माझं मी'. तो इतका रुळला, की २०१७ मध्ये याच नावाचा मराठी चित्रपटही येऊन गेला. हा शब्द बरेचदा चिडवण्यासाठी वापरला जातो, पण तो वापरण्याची वेळ बरोबर निवडली, तर त्यासारखा तारणारा शब्द नाही.

ती वेळ बिल आल्यानंतरची नव्हे. तेव्हा बोलणारा कंजूष ठरतो. बेत ठरवताना बोलले, तर तोच माणूस व्यवस्थित ठरतो. "खाणं सगळ्यांत, पेयं ज्याची त्याने," एवढे एक वाक्य पुरते. आणि ते वाक्य गटातल्या सगळ्यांत जास्त कमावणाऱ्याने किंवा सगळ्यांत जास्त पिणाऱ्याने बोलावे. ज्याला गरज आहे त्याला बोलायला लावू नये. मोठ्या पगाराच्या मित्राने हे सांगितले, की कुणाची परिस्थिती उघडी पडत नाही आणि कुणाचा मानही जात नाही. हॉटेल निवडतानाही तसेच. 'कुठे जाऊ या?' असे विचारण्याऐवजी 'प्रत्येकी सहाशेत बसेल असं कुठलं?' असे विचारावे. उत्तर देणाऱ्याला अवघडल्यासारखे होत नाही.

'सुटे नाहीत' ही अडचण तर आता उरलेलीच नाही. २०१६ पासून यूपीआय आले. पाचशे पंचवीस म्हटले, की पाचशे पंचवीसच जातात. एकाने सगळे बिल भरावे आणि घरी पोहोचण्याआधी प्रत्येकाने आपला वाटा पाठवावा. उशीर मात्र करू नये. मित्राला पैशाची आठवण करून द्यावी लागणे हा पैसे जाण्यापेक्षा मोठा मनस्ताप आहे.

मग मोठेपणा दाखवायचाच नाही का? जरूर दाखवावा. नवी नोकरी लागली, घर झाले, मुलगी दहावीला चांगल्या गुणांनी पास झाली, तर "आज सगळं माझ्याकडून" असे आधीच जाहीर करून खुशाल सगळ्यांना खाऊ घालावे. हिंदीत म्हण आहे, 'हिसाब जौ-जौ, बख्शीश सौ-सौ'. हिशेब करावा तर दाण्यादाण्याचा, बक्षीस द्यावे तर शंभरांचे. या दोन गोष्टींची गल्लत केली, की देणाऱ्याला समाधान मिळत नाही आणि घेणाऱ्याला आपण काही घेतले आहे याची जाणीवही राहत नाही.

पुढचा बेत ठरेल, तेव्हा एकदा जुन्या गटाची यादी नजरेखालून घाला. अलीकडे कोण येत नाही? कुणाच्या घरी सारख्याच परीक्षा आणि सारखेच पाहुणे असतात? त्याला एक फोन करा. कारण विचारू नका. एवढेच सांगा, "या वेळी साधंच ठिकाण आहे, आणि तुझं तू, माझं मी. तू नक्की ये."