केळी काळी पडली की

श्रावणात भीमाशंकरची वाट माणसांनी भरून जाते. घोडेगावाकडून येणाऱ्या गाड्या तळेघर ओलांडून वर चढतात आणि रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर उपासाची केळी टांगलेली असतात. सोमवार सरला की त्यातली बरीच उरतात. इथल्या ओल्या हवेत ती बघता बघता काळी पडतात, मग त्यांना गिऱ्हाईक नसतं. मला मात्र हीच केळी हवी असतात. साल काळवंडते तोवर आतल्या पिठुळपणाची साखर झालेली असते. पिवळ्याधमक केळ्याला ती गोडी नाही.

आमच्या घरी अशी केळी आली की पानग्या ठरलेल्या. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, केळी परातीत कुस्करायच्या. त्यात तांदळाचं पीठ, मूठभर नाचणीचं, चिरलेला गूळ, मिठाची कणी आणि भाजून अर्धवट कुटलेले शेंगदाणे. पाण्याचा थेंब नाही. "केळं मागंल तेवढंच पीठ," हे त्यांचं माप. पानावर थापायचं, वरून दुसरं पान, आणि तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजायचं. पान करपल्याचा वास सुटला की आतलं शिजलं.

२०२० च्या टाळेबंदीत लेक शहरातून घरी आली, तेव्हा जगभर बनाना ब्रेडची लाट होती. अमेरिकेत हा ब्रेड १९३० च्या दशकात घरोघर पोचला. मंदीचे दिवस, अन्न टाकवत नव्हतं, आणि सोडा-बेकिंग पावडर दुकानात सहज मिळत होती, त्यामुळे यीस्ट फुगायची वाट बघावी लागत नसे. लेकीने हे सांगितल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "मग ही पानगीच की, जाड थापलेली." मला ते पटलं. तेव्हापासून आमचा ब्रेड त्यांच्याच मसाल्याने होतो.

तीन काळी केळी, दीड वाटी कणीक, अर्धी वाटी नाचणीचं पीठ, पाऊण वाटी गूळ, अर्धी वाटी तेल, पाव वाटी दही, अर्धा चमचा सोडा, चिमूटभर मीठ. दाणे भाजून घ्यावेत. अक्रोड असतील तर तेही भाजावेत, कडसरपणा जातो. नाचणीत गव्हाचा चिवटपणा नाही, तिला केळं धरून ठेवतं, म्हणून केळ्यात काटकसर नको. दह्याचा आंबटपणा सोड्याला लागला की पीठ लगेच फुगायला लागतं, तेव्हा कालवलं की भांडं तयार हवं. फार घोटलं तर कणीक चिवट होते आणि ब्रेड दडदडीत.

पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून आम्ही कुकरच वापरतो. शिटी आणि रिंग काढायची, तळाला मीठ पसरायचं, वर जाळी, मंद आच. तासाभरात सुरी कोरडी निघते.

भांड्याला आतून लावायला पान लागतं. पूर्वी ते कवदराचं, म्हणजे कड्याच्या कपारीतल्या रानकेळीचं असायचं. याबद्दल मला कळकळीने सांगायचंय. परसातल्या केळीला बाजूने पिल्लं फुटतात, कवदराला नाही. ते एकदाच फुलतं, फळतं आणि मरतं, मागे राहतात त्या फक्त बिया. त्याचा कोका, म्हणजे केळफूल, भाजीसाठी तोडला तर त्या झाडाचा वंश तिथेच संपतो. उन्हाळ्यात पानं झडून त्याचा नुसता बुंधा उरतो, पहिल्या पावसात पुन्हा पानं फुटतात, तेव्हा तीही ओरबाडू नयेत. परसात केळ असेल तर तिचंच पान घ्यावं.

आम्ही गळून पडलेल्या कवदराच्या बिया घरामागच्या कातळाच्या भेगांत टोचल्या. काही उगवल्यात. आत्याबाई रोज सकाळी काठी टेकत त्यांच्याकडे जातात आणि शेळ्या येऊ नयेत म्हणून भोवती काट्या नीट लावतात.